नवतप्यातली पाचवी रात्र

टाकीचं पाणी रात्री अकरालाही हात लावू देत नाही.
म्हणून बादली भरून बाथरूमच्या कोपऱ्यात ठेवते,
सकाळपर्यंत डोक्यावर घेण्याइतकी निवेल.
कोमट पाणी, असं डॉक्टर चाफले बोलले होते
धंतोलीतल्या त्यांच्या थंडगार खोलीत.
मे महिन्यातल्या नागपुरात
कोमट कुठून आणायचं, ते नाही बोलले.

भांगाच्या दोन्ही बाजूंना लाल पट्टा,
कानामागे खपल्या,
आणि कातडीखाली कुणीतरी
मंद आचेवर खसखस भाजतंय.
पोस्टाच्या खिडकीत बसून मी पेनच्या टोपणाने खाजवते,
बसमध्ये ओढणीखालून,
झोपेत दोन्ही हातांनी.
सकाळी उशीवर रक्ताचा बारका ठिपका
आणि केस.
मोजू नका म्हणाले. मी मोजते.
आज सदुसष्ट, मोरीच्या जाळीतले सोडून.

थोरल्या जाऊबाईंनी कांद्याचा रस सांगितला.
लावला. त्या रात्री मी घरभर नाचले.
इतवारीतून कुणी काळी पूड आणून दिली,
तिचा वास उशीच्या कापसातून अजून जात नाही.
भाचीच्या हळदीला एकजण म्हणाली,
"काहून वो, टेन्शन घेऊन राहिल्या का?"
मी हसले.
मग गजऱ्यांचं ताट फिरत आलं.
वाटणारी पोट्टी माझ्यापाशी एक क्षण थांबली,
माझ्या डोक्याकडे पाहिलं,
आणि गजरा हातात दिला.
बाकी सगळ्यांना तिने माळून दिला होता.

तो घरी येतो साडेअकराला. कूलरचा सीझन.
गोळीबार चौकात तेजराम मिस्त्री म्हणतात त्याला.
दिवसभर जळक्या मोटरी उघडतो,
बोटांना वार्निशचा वास, नखांत तांब्याचा चुरा.
आल्या आल्या कोपरापर्यंत हात धुतो, तीनदा, साबणाने,
आणि ताटाकडे न बघता म्हणतो, "बस."

मी कूलरपुढे पाटावर बसते.
वाळ्याच्या ताटीतून ओला वास येतो.
कंगव्याच्या शेपटीने तो भांग पाडत जातो,
एकेक ओळ,
वाइंडिंगमध्ये तुटलेली तार शोधतो तसा,
श्वास धरून.
औषधाचा एक थेंब. थांबतो. दुसरा.
आधी चुरचुरतं,
मग एक गार रेघ माथ्यावरून निघून
मानेत उतरते,
आणि माझे खांदे खाली येतात.
ते वर होते, हे मला तेव्हा कळतं.

"लय विरळ झाले का?"
तो वेळ घेतो. खोटं बोलणं त्याला जमत नाही,
गिऱ्हाइकाशीसुद्धा, म्हणून तर
पंधरा वर्षांनी दुकान अजून भाड्याचं आहे.
"मागून झाले," म्हणतो.
"पण जळलं नाही हे. जळल्याचा वास मले समजते.
गरम झालं फक्त.
गरम मोटरीले हात लावाचा नसते.
थंडी होऊ द्याची, मंग पाहाचं चालते का."
"अन् नाही चालली तर?"
"तं तू काय कूलर हायेस?"

हसता हसता माझा हात वर जातो, सवयीने.
तो मनगट पकडतो, ओल्या बोटांनी,
आणि सोडत नाही.

मग लाईट जाते.
पंखा दोन-चार फेरे घेऊन थांबतो,
ताटीतून पाणी टपकत राहतं.
गल्लीत कुणाची तरी खाट बाहेर ओढल्याचा आवाज.
अंधारात खसखस पुन्हा तडतडू लागते,
डाव्या कानामागून.

तो वाकतो, फुंकर घालतो,
लेकराच्या फुटलेल्या गुडघ्याला घालतात तशी.
जागा चुकते.
"वर," मी म्हणते.
"अजून थोडी वर."